बोनरिकीहून लंडनला, नांदीमार्गे

बोनरिकी, तारावा
५ फेब्रुवारी २०१२

बाउरो,

मौरी. हे पत्र पाद्रीबाबांच्या भाचीच्या हाती देते आहे. ती तुमच्या किरितिमातीला शाळेत शिकवायला येते आहे. तिला घरी बोलाव आणि पोटभर मासे खाऊ घाल. नुसत्या चहावर वाटेला लावू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

इकडे ठीक. तामुएरा नोकरीवर जातो, सून भांडते, नातवंडं धावपट्टीवर सायकल शिकतात. पलीकडच्या खड्ड्यातलं अळू यंदा पिवळं पडलं, खालचं पाणी खारट झालं म्हणतात.

आता कामाचं. मला तुझ्याकडे काही मागायचं आहे. तू जन्मलास तेव्हा मी आठ वर्षांची होते, आज एकोणसत्तरची आहे. एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे एकदाही काही मागितलेलं नाही, बुबुती केलेली नाही. केली असेल तर सांग. आई म्हणायची, बुबुती करायची तर समोर बसून करावी, मागणाऱ्याचं तोंड देणाऱ्याला दिसलं पाहिजे. म्हणून पत्रात लिहीत नाही, फोनवरही बोलणार नाही.

तू ये. ऑगस्टच्या आत ये.

तुझी ताई,
तेरेतिया

---

लंडन, किरितिमाती
२६ फेब्रुवारी २०१२

ताई,

मौरी. तुझं पत्र आमच्या या नावापुरत्या लंडन खेड्यात पोचलं आणि मास्तरीणबाईही पोचल्या. दोन मासे खाल्ले आणि तिसऱ्याला नको म्हणाल्या. त्यावरून माझी खात्री झाली की त्या पाद्रीबाबांच्या नसून त्यांच्या बायकोच्या नात्यातल्या आहेत.

तू 'ये' असं लिहितेस, जशी काही मला तुझ्या तारावातल्याच बेतिओहून बस पकडायची आहे. मागे एका वैमानिकाला माझ्या ओसरीवर बसवून मी सगळं नीट विचारून घेतलं होतं. तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत सरळ दोरी ताणली तर तीन हजार तीनशे किलोमीटर. पण त्या दोरीवरून विमान जात नाही. मला आधी खाली फिजीत नांदीला जावं लागतं. साडेतीन हजार किलोमीटर, पाच तास. तिथे तीन दिवस डास मारत बसायचं. मग नांदीहून वर तुझ्याकडे, बावीसशे किलोमीटर, तीन तास. आपल्याच देशातून आपल्याच देशात जायला पासपोर्ट लागतो. माझ्याकडे उतरणाऱ्या गोऱ्या मासेमारांना हे सांगितलं की ते हसतात. मग भिंतीवरचा नकाशा दाखवला की गप्प होतात. अर्थात तेही काही कमी नाहीत. अर्धं जग ओलांडून येतात, दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मासा पकडतात आणि त्याचा फोटो काढून त्याला परत सोडतात. त्यांच्या जिवावर माझ्या चार खोल्या उभ्या आहेत, म्हणून मी काही बोलत नाही.

तर तुला काय हवंय ते लिही ना. छपराचे पत्रे? शिवणयंत्र? तामुएराला होडीचं इंजिन? पुढच्या बोटीने पाठवतो. नाही म्हणणार नाही.

समोर बसून मागितलेलं मला नाकारता येत नाही, हे तुला पक्कं माहीत आहे आणि म्हणूनच तू बोलावते आहेस. आपल्यात मागणाऱ्याला कसली लाज नाही, नाही म्हणणाऱ्याची मात्र सात पिढ्यांपर्यंत लाज निघते. बेतिओतलं माझं दुकान तुला आठवतं ना? जहाजावरची नोकरी सोडून उघडलेलं. पहिल्या महिन्यात साखर गेली, मग तांदूळ गेला, मग साबण. चुलत, मावस, आते, सगळे येऊन प्रेमाने मागायचे. शेवटी तराजूसुद्धा बुबुतीत गेला. तो मागणारा तुझाच नवरा होता, देव त्याला शांती देवो.

मारिया बरी आहे. जावई बरा आहे, म्हणजे झोपतो.

तुझा,
बाउरो

---

बोनरिकी
२० मार्च २०१२

बाउरो,

तराजू त्याने मासे विकायला मागितला होता आणि मासे कधी विकले नाहीत. मी तेव्हाच त्याला चार शब्द ऐकवले होते. पण तो मेला आहे, आता त्याचा विषय काढू नकोस.

पत्रे नकोत. शिवणयंत्र माझ्याकडे आहे, म्हणजे सध्या ते नेई आन्नाकडे आहे. इंजिन आणलंस तर ते आठ दिवसांत दुसऱ्याच्या होडीला दिसेल.

आजवर जे बोलले नाही ते आज बोलते. तू एवढ्या लांब गेलास तो काही नशीब काढायला नव्हे. नशीब बेतिओतही निघालं असतं. आमचा हात पोचणार नाही असं ठिकाण तू शोधलंस. देशाच्या पार टोकाला, जिथे पूर्वी आमच्याकडे सोमवार उजाडला तरी तुमच्याकडे रविवारच असायचा. सरकारने वार एक केले, बाकी काही जवळ आलं नाही. मी तुला दोष देत नाही. तू गेलास म्हणून तुझं काहीतरी झालं. तुझ्यासारखी आणखी दोन दुकानं मी या डोळ्यांनी रिकामी होताना पाहिली.

पण एकोणीस वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा विमान येतं. आधी आगीचा बंब भोंगा वाजवत धावपट्टीवरून फिरतो, पोरंबाळं आणि डुकरं बाजूला होतात आणि मी चटईवरून उठून कुंपणाशी जाते. उतरणारी माणसं बघते. तू त्यांत नाहीस हे ठाऊक असतं. तरी शेवटचं माणूस उतरेपर्यंत उभी राहते. शेवटी दर वेळी वैमानिकच उतरतो. आता तोही मला हात करतो.

ये.

ताई

---

लंडन, किरितिमाती
१५ एप्रिल २०१२

ताई,

तिकीट काढलं. ९ मेला इथून निघतो, १२ मेला दुपारी बोनरिकीला उतरेन. परतीचं तिकीट जूनमधलं आहे. खोल्या मारियावर सोपवल्या आहेत.

बर्फाच्या पेटीत मासे आणि पिशवीभर वाळवलेले शिंपले आणतो. दुसरं काय आणू ते कळत नाही. मारिया म्हणते, "बाबा, तुम्ही तीनदा बॅग भरली आणि तीनदा उपसली. आत्याकडे जाताय की जहाजावर?" मी म्हटलं, "जहाजावर जाताना मी कधी घाबरलो नव्हतो." ती हसली. मला हसू आलं नाही.

तुला काय मागायचंय ते विचारत नाही. केस पांढरे झालेत माझे. ओळखशील ना?

बाउरो

---

नांदी, फिजी
१२ मे २०१२

ताई,

हे पत्र तुला जी बाई देईल तिचं नाव नेई रुता. ती माझ्या जागेवर बसून आली आहे.

सगळं आहे तसं सांगतो. सकाळी विमानतळावर रांगेत उभा होतो. पुढे सात माणसं होती. ही बाई शेजारी येऊन उभी राहिली. इथल्या एका हॉटेलात कपडे धुते. डोळे सुजलेले. तिने मला नाव विचारलं, गाव विचारलं, आजोबांचं नाव विचारलं. मला तेव्हाच कळलं. आपल्यातलं माणूस उगाच आजोबांपर्यंत जात नाही.

म्हणाली, "तुमच्या आजोबांची आणि माझ्या पणजीची मराकेईला जमीन एकच होती. म्हणजे तुम्ही माझे मामा लागता."

मी म्हटलं, "लागत असेन."

"मामा, तिकडे तारावाला काल माझी आई वारली. उद्या पुरणार. विमान भरलंय, पुढचं चार दिवसांनी. मी तुमच्याकडे तुमची जागा मागते."

ताई, एकोणीस वर्षांत माझ्या तोंडावर कुणी बुबुती केली नव्हती. नाही कसं म्हणायचं ते मी विसरलो होतो, किंवा ते मला कधी येतच नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने नावं बदलून दिली. बर्फाची पेटीही तिच्याबरोबर दिली आहे. मासे आजच शिजव.

चार दिवस थांबून पुढच्या विमानाने येता आलं असतं. पण १७ तारखेला माझ्याकडे आठ मासेमारांचा जथा उतरणार आहे आणि जावई तुला माहीत आहे. म्हणून उद्याच्या विमानाने परत जातो.

तीन तासांवर होतीस. रागावू नकोस.

बाउरो

---

बोनरिकी
२८ मे २०१२

बाउरो,

मी कुंपणाशी नव्हते. आत गेले होते, विमानाच्या पार शिडीपर्यंत. नव्या झंपरात, हातात फुलांची माळ. शिडीवरून तुझी पेटी उतरली आणि पेटीमागून एक रडणारी बाई. माळ तिच्या गळ्यात घातली. दुसरं काय करणार. तामुएराने तिला मोटारीतून घरी सोडलं. तिच्या आईला तिने डोळे भरून पाहिलं आणि मग पुरलं. मासे तिथेच शिजवले, चाळीस माणसं जेवली. तू चांगलं केलंस. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तू हे विसरणार नाहीस.

आता पुढचं. तिची आई मेली हे खरं आणि तू जागा दिलीस हेही खरं. आणि जागा देताना तुला मनात सुटल्यासारखं वाटलं, तेही खरं. आठ मासेमार म्हणे. मारिया चौदा वर्षांची असल्यापासून मासेमारांचा स्वयंपाक करते, हे तूच मला लिहिलं होतंस. मी काय मागेन याची तुला भीती वाटते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तू कुणाला तरी हो म्हणालास, तेही मला हो म्हणावं लागू नये म्हणून.

हे मला पत्रात लिहायचं नव्हतं. न्यूझीलंडवाले दर वर्षी चिठ्ठ्या काढून आपल्यातली काही माणसं कायमची राहायला घेतात ना, त्यात तामुएराची चिठ्ठी निघाली. १४ ऑगस्टला आम्ही सगळे ऑकलंडला जातो. मीही. मागे राहून मी कुणासाठी चूल पेटवू? आधी सांगितलं असतं तर तू दया येऊन आला असतास. दया येऊन आलेला भाऊ मला नको होता. मला माझा भाऊ हवा होता, कंजूष आहे तसा.

माझं मागणं माझ्याकडेच राहील. बरोबर घेऊन जाईन.

तेरेतिया

---

लंडन, किरितिमाती
२५ जून २०१२

ताई,

तुझं पत्र मी ओसरीवर बसून वाचलं, मग किनाऱ्यावर जाऊन वाचलं. दोन्हीकडे तेच लिहिलेलं होतं. सुटल्यासारखं वाटलं, हो. विमान उडेपर्यंत वाटलं. ते ढगात गेल्यावर नाही वाटलं.

आता माझं ऐक. मी विमानांचं वेळापत्रक मागवून घेतलं. तू ऑकलंडला जाणार म्हणजे कुठून जाणार? तुलाही नांदीतूनच जावं लागतं. या समुद्रातल्या कुठल्याही माणसाला कुठेही जायचं असलं तरी नांदीतूनच जावं लागतं. १४ तारखेला तुमचं विमान नांदीला सकाळी दहाला उतरतं आणि ऑकलंडचं दुपारी तीनला सुटतं. मधे पाच तास आहेत. मी आठवडाभर आधीच येऊन राहतो. बाहेर येण्याच्या दारासमोर उभा असेन. दार चुकवू नका, दुसरं नाहीच आहे.

या वेळी मला तिथून पुढे कुठेच जायचं नाही. माझ्याकडे जागाच नसेल, तेव्हा ती कुणी मागूही शकणार नाही.

तुला मात्र जे मागायचं ते माग. समोर बसेन.

बाउरो

---

ऑकलंड
१० सप्टेंबर २०१२

बाउरो,

पोचलो. नांदीहून तीन तास लागले, आणि तीन तास मी खिडकीला डोकं लावून बसले होते. सून म्हणाली, "आई, खाली नुसतं पाणी आहे, काय बघता?" मी म्हटलं, "पाणीच बघते."

इथे थंडी आहे. मी दोन मोजे एकावर एक घालते. घर चांगलं आहे, लाकडाचं. पोरं शाळेत जातात आणि घरी येऊन आमच्याशी नाकात बोलतात. रस्त्यावर बारा घरं आहेत आणि बाराही दारं बंद. इथे कुणी काही मागत नाही. मी एकदा शेजारणीकडे मीठ मागायला गेले. आमच्याकडे मीठ होतं, तरी गेले. तिने अख्खी पिशवी दिली, गोड हसली आणि दार लावलं. मला वाटलं, दोन दिवसांनी ती काहीतरी मागायला येईल. तीन आठवडे झाले. तू इथे असतास तर लखपती झाला असतास.

नांदीतले पाच तास मी रोज थोडे थोडे आठवते, एकदम संपवत नाही. तू कुठे बसला होतास, काय खाल्लंस, तामुएराला काय म्हणालास. केस पांढरे नाहीत रे तुझे, केसच नाहीत जवळजवळ.

मी मागितलं ते पुन्हा मागणार नाही. एकदाच मागायचं असतं. तू हो म्हणाला नाहीस, नाहीही म्हणाला नाहीस, खाली वाकून माझ्या नातवाच्या बुटाची नाडी बांधत राहिलास. ती बांधलेलीच होती. तेवढ्यात विमानाची घोषणा झाली.

मी बोनरिकीच्या जमिनीसाठी म्हटलं नव्हतं, एवढं फक्त कळावं. जमीन पळून जात नाही. लोक सवयीने माझ्या तिथल्या दारात येतात. आईच्याही दारात यायचे. कुणाला कोयता हवा असतो, कुणाला निखारा, कुणाला पोर सांभाळायला. त्या घरात हो म्हणणारं कुणीतरी असावं, एवढंच मागितलं. तुझ्याकडे हे मागणं म्हणजे माशाला झाडावर चढ म्हणण्यासारखं आहे, ते मला कळतं.

तिथे राहायला नाही गेलास तरी पत्र लिहीत जा. मुक्काम इथलाच.

ताई

---

बोनरिकी, तारावा
२ डिसेंबर २०१२

ताई,

वरचा पत्ता नीट वाच. चुकून लिहिलेला नाही.

चार खोल्या मारियाच्या नावावर करून दिल्या. ती म्हणाली, "बाबा, तिकडे तुम्हाला पंधरा दिवसांत सोलून खातील." मी म्हटलं, "एकसष्ट वर्षांचा झालो, आता कातडं चिवट झालंय." या वेळी नांदीत तीन दिवस खोलीबाहेरच पडलो नाही. रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहिलो आणि शेजारच्या माणसाने नाव विचारलं तर त्याला जर्मन भाषेत उत्तर दिलं. जहाजावर शिकलेलं काहीतरी कामाला आलं.

पंधरा दिवस काय, लोक चार दिवससुद्धा थांबले नाहीत. मी कुलूप काढतोय तोवर मागे एक जण उभा होता. कोयता मागितला, दिला. संध्याकाळी तांदूळ गेला. दुसऱ्या दिवशी माझे जहाजावरचे बूट गेले, ते आता पाद्रीबाबांच्या शिपायाच्या पायात आहेत आणि त्याला दोन बोटं मोठे होतात. पहिल्या आठवड्यात रात्री झोप यायची नाही. आता येते. परवा मलाच दाढीचं पातं हवं होतं. मी समोरच्या घरी गेलो, दारात बसलो, आजोबांची चौकशी केली आणि मागितलं. मिळालं. वापरलेलं होतं, पण मिळालं. बेतिओतल्या दुकानात असताना मीही जाऊन कुणाकडे काही मागावं, हे मला कधी सुचलंच नव्हतं बघ.

नेई आन्नाकडून शिवणयंत्र परत आलं आणि दोन दिवसांनी दुसऱ्या दिशेला गेलं. अळूच्या खड्ड्यात मी नवी माती टाकली आहे. बघू.

तुझ्यापासूनचं अंतर काढलं. लंडन तुझ्यापासून तीन हजार तीनशे होतं. आता तू जिथे आहेस ते इथून सरळ दोरीने चार हजार तीनशे भरतं. म्हणजे तू माझ्यापासून आणखी हजार किलोमीटर लांब गेलीस आणि मी तुझ्या घरात येऊन बसलो. पण तासांनी मोजलं तर उलट होतं. लंडनहून इथे यायला आठ तास उडावं लागायचं. ऑकलंडहून नांदी तीन आणि नांदीहून इथे तीन. मी तासांनीच मोजायचं ठरवलं आहे.

एकाच गोष्टीला मी नाही म्हणालो, ते तुला सांगितलं पाहिजे. मागच्या दोरीवर तुझा एक परकर राहून गेला होता, निळा, काठाला फाटलेला. मी तो काढला नव्हता. काल पलीकडची म्हातारी नेई तावाकी आली. ऐंशीच्या पुढची आहे, आता तिच्या फारसं लक्षात राहत नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाउरो, तो परकर मला दे."

मी म्हटलं, "आजी, दुसरं काहीही मागा. तो माझा नाही, ताईचा आहे. ती आली की तिच्याकडे मागा."

"ती कुठे गेली?"

"ऑकलंडला."

"लांब आहे का?"

"सहा तास," मी म्हटलं.

ती मग म्हणाली, "एवढंच ना? मग थांबते मी," आणि पाय लांब करून, भिंतीला टेकून नीट बसली. मला कामं होती, पण तिला ऊठ म्हणवेना. मीही तिच्या शेजारी बसलो.

बाउरो